काउंटरच्या अलीकडून

केळ्यांचा नंबर ४०११. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन! लॉस एंजेलिसजवळच्या एका सुपरमार्केटमध्ये मी २००६ पासून कॅशियर आहे. लालबागच्या चाळीत वाढलेली, बी.कॉम. झालेली मुलगी अमेरिकेत जाऊन किराणा दुकानात उभी राहते, हे सुरुवातीला नातेवाइकांना सांगायलाही अवघड वाटायचं. पण आज आमचं घर उभं आहे ते या नोकरीच्या पगारापेक्षाही तिच्यासोबत येणाऱ्या आरोग्य विम्यावर. नवऱ्याला मधुमेह आहे, त्याचा धंदा स्वतःचा, म्हणजे विमा माझ्याच नावावर. तो विमा मालकांनी आपणहून दिलेला नाही बरं का! तो युनियनच्या करारात लिहिलेला आहे.

इथल्या मोठ्या दुकानांतल्या कामगारांची युनियन म्हणजे युनायटेड फूड अँड कमर्शियल वर्कर्स. दर काही वर्षांनी कराराची मुदत संपते आणि वाटाघाटी सुरू होतात. तासाला पगार किती, आठवड्याला किमान किती तास काम मिळणार, विम्याचा हप्ता कोण भरणार, पेन्शन किती, असं सगळं त्यात असतं. ऐकायला रूक्ष वाटतं. पण 'किमान किती तास' या एका ओळीवर माझ्याबरोबरच्या कितीतरी बायकांचं घरभाडं अवलंबून असतं. तास कमी झाले की पगार तर कमी होतोच, विम्याची पात्रताही धोक्यात येते.

मी रुजू झाले तेव्हा दुकानात २००३ च्या संपाच्या आठवणी ताज्या होत्या. ११ ऑक्टोबर २००३ ला दक्षिण कॅलिफोर्नियात एका साखळीत संप सुरू झाला, तर दुसऱ्या दोन साखळ्यांनी आपल्या कामगारांना टाळेबंदी केली. हजारो माणसं जवळजवळ साडेचार महिने फुटपाथवर फलक घेऊन उभी होती. २००४ च्या फेब्रुवारीअखेर तडजोड झाली, पण त्यात नव्याने लागणाऱ्यांसाठी वेगळी, खालची श्रेणी आली. म्हणजे मी आणि माझ्या शेजारच्या काउंटरवरची बाई, तोच बेल्ट, तीच रांग, पण पगाराची पट्टी निराळी. कुटुंबाच्या विम्यासाठी वाट पाहायची तीही जास्त. २००७ च्या करारात ही दोन श्रेणींची पद्धत गेली, तेव्हा 'करार' या शब्दाचा अर्थ मला पहिल्यांदा नीट कळला.

त्यामुळे २०२५ च्या मार्चमध्ये करार संपला आणि बोलणी रखडली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आमचं मुख्य म्हणणं होतं माणसं वाढवा. सेल्फ चेकआउटची अर्धा डझन यंत्रं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एकच बाई! यंत्र अडलं, वजन चुकलं की सगळे तिलाच हाका मारणार. शिवाय गिऱ्हाइकाचा राग निघतो तोही तिच्यावरच.

जूनमध्ये संपाला परवानगी द्यायची की नाही, यावर मतदान झालं. हे मत म्हणजे लगेच संप नव्हे, तर टेबलावर बसलेल्या आपल्या माणसांच्या हाती दिलेलं बळ. पण माझं मन काही ऐकेना. माझे वडील गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आमच्या चाळीतल्या कितीजणांना पुन्हा गिरणीचा भोंगा म्हणून ऐकू आला नाही. आईने त्या काळात घरोघरी पोळ्या लाटून आम्हाला वाढवलं. संप म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

नवरा म्हणाला, "विमा बंद पडला तर?" प्रश्न खराच होता. पण आताच गप्प बसलो तर पुढच्या करारात हाच विमा महाग होणार नाही कशावरून? रात्रभर विचार केला, खात्यातली शिल्लक पाहिली, दोन महिन्यांची औषधं आणून ठेवली, आणि मग संपाच्या बाजूने मत दिलं.

संप करावा लागला नाही. जुलैमध्ये तडजोड झाली. पगार वाढला, पेन्शनमध्येही सुधारणा झाली. मागितलं ते सगळं मिळालं का? नाही. यंत्रं अजून आहेतच. पण संपूर्ण बेभरवशाच्या जागी काही वर्षांचा लेखी भरवसा आला, हे काय थोडं आहे?

मैत्रिणींनो, आपल्याकडे मॉलमध्ये, दुकानांत आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या कितीतरी मुली आहेत. त्यांच्याकडे नेमणुकीचं पत्र तरी असतं का? आपण कुठेही नोकरी करत असू, आपल्या अटींचा कागद एकदा स्वतः वाचावा, आणि शेजारच्या काउंटरवरच्या बाईलाही वाचायला द्यावा. एकटीने मागितलं की ती विनंती होते; सगळ्यांनी मिळून मागितलं की तिची वाटाघाट होते.