शिंपले, आक्रमक

शिंपले, आक्रमक : मूळ प्रदेशातून मानवी व्यवहारांमुळे परक्या पाण्यात पोहोचून तेथे बेसुमार वाढणाऱ्या आणि स्थानिक जीवांना व जलव्यवस्थेला अपाय करणाऱ्या द्विपुट शिंपल्यांना ही संज्ञा लावतात. मॉलस्का (मृदुकाय) संघाच्या ड्रायसेनिडी कुलातील झीब्रा शिंपला, क्वागा शिंपला व काळ्या पट्ट्यांचा शिंपला (मिटिलॉप्सिस सॅलेई) ही त्यांची ठळक उदाहरणे होत.

जीवनक्रम व उपद्रव : हे शिंपले सु. २ ते ४ सेंमी. लांब असतात. पायातील ग्रंथीच्या स्रावापासून बनलेल्या चिवट तंतूंनी ते दगड, लोखंड, लाकूड किंवा नौकेचा तळ यांना घट्ट चिकटतात. झीब्रा व क्वागा शिंपल्यांची मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी घालते. अंड्यांतून बाहेर पडणारे डिंभ नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते काही आठवडे पाण्यात तरंगतात व नंतर पृष्ठभागावर स्थिरावतात. महाराष्ट्रातील नद्यांमधील लॅमेलिडेन्स वंशाचे शिंपले याहून भिन्न आहेत. ते तळाच्या गाळात अर्धवट रुतून राहतात आणि त्यांचे डिंभ काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. आक्रमक शिंपल्यांचे थर पाणीपुरवठ्याचे नळ, जाळ्या व वीजकेंद्रांतील शीतनलिका बुजवितात. तसेच पाण्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून घेऊन मासे व स्थानिक शिंपले यांचे अन्न हिरावून घेतात.

भारतातील प्रवेश : काळ्या पट्ट्यांच्या शिंपल्याचे मूळस्थान कॅरिबियन समुद्र व मेक्सिकोचे आखात या परिसरात आहे. भारतात तो प्रथम १९६७ मध्ये विशाखापटनम् बंदरात आढळला व १९७० नंतरच्या दशकात मुंबईच्या नौदल गोदीत त्याची नोंद झाली. जहाजांचे तळ आणि समतोलासाठी जहाजात भरले जाणारे पाणी ही अशा जीवांच्या प्रसाराची प्रमुख साधने आहेत. या पाण्याच्या व्यवस्थापनासाठी २००० ते २००४ या काळात राबविलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातील सहा प्रात्यक्षिक-स्थळांमध्ये मुंबईचा समावेश होता. त्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये संमत होऊन ८ सप्टेंबर २०१७ पासून अंमलात आला. केरळमधील अष्टमुडी सरोवरात पसरलेला मायटेला स्ट्रिगाटा हा अमेरिकी शिंपला तेथील खाद्य शिंपल्यांच्या व्यवसायाला बाधक ठरला आहे.

निर्मूलनाची मर्यादा : ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे मार्च १९९९ मध्ये काळ्या पट्ट्यांचा शिंपला आढळला, तेव्हा तो दारे बंद करता येणाऱ्या नौकातळांपुरताच मर्यादित होता. दारे बंद करून पाण्यात क्लोरीन व मोरचूद मिसळण्यात आले, बाहेर गेलेल्या नौका शोधून तपासण्यात आल्या आणि काही आठवड्यांतच त्याचा नायनाट झाला. या उपायाने त्या पाण्यातील इतर जीवही मेले. खुल्या बंदरात किंवा मोठ्या सरोवरात तो योजता येत नाही; म्हणून तेथे प्रतिबंध हाच खरा उपाय ठरतो.

मरुप्रदेशातील सरोवरे : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कोलोरॅडो नदीवर, हूव्हर धरणामुळे बनलेल्या मीड सरोवरात ६ जानेवारी २००७ रोजी क्वागा शिंपला सापडला. त्याच महिन्यात तो प्रवाहाच्या खालच्या अंगाच्या मोहावी व हवासू या सरोवरांतही आढळला. पॉवेल सरोवर मात्र वरच्या अंगाला आहे. तेथे पाण्याबरोबर पोहोचणे शिंपल्यांना शक्य नव्हते. वाहनांवर लादून रस्त्याने आणलेल्या नौका हाच संभाव्य मार्ग होता. तपासणी चालू असूनही २०१३ मध्ये तेथे प्रौढ शिंपले मिळाले. तेव्हापासून बाहेर जाणाऱ्या नौकांमार्फत ते इतर सरोवरांत जाऊ नयेत यावर भर देण्यात आला. हे सरोवर यूटा व ॲरिझोना या दोन राज्यांत पसरलेले असल्याने राज्ये, राष्ट्रीय उद्यान सेवा व धरणाची यंत्रणा यांनी एकमेकांस वेळीच माहिती कळविणे आवश्यक ठरते.

निरीक्षण व प्रतिबंध : सूक्ष्म जाळीने पाणी गाळून नमुने घेतात व ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली डिंभ शोधतात, या प्रकाशात त्यांची कवचे चमकतात. डीएनए चाचणीने प्राण्याचा केवळ अंशही ओळखता येतो. तथापि एका चाचणीवरून वस्ती सिद्ध होत नाही, पुन्हा पडताळणी करावी लागते. पाण्यात टांगलेल्या पट्ट्यांवर नवे शिंपले बसले आहेत काय हेही ठराविक काळाने पाहतात. नौकेचा तळ स्वच्छ करणे, तीतील सर्व पाणी काढून टाकणे व ती पूर्ण वाळविणे हे प्रतिबंधाचे तीन मुख्य नियम आहेत. सु. ६०° से. तापमानाच्या पाण्याने प्रौढ शिंपले मरतात.

महाराष्ट्रातील अंतर्गत जलाशय : हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण असून पैनगंगेवरील इसापूर धरणाचा जलाशय हिंगोली व यवतमाळ या जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. अशा जलाशयांत सहलीच्या नौकांपेक्षा मत्स्यबीज, जाळी व मासेमारीची साधने यांच्या ने-आणीकडे अधिक लक्ष देणे इष्ट आहे. आफ्रिकी मागूर या माशाच्या संवर्धनावर २००० मध्ये बंदी घातल्यानंतरही तो देशात पाळला जात राहिला. यावरून केवळ मनाई पुरेशी नसते हे दिसते. धरण पाटबंधारे खात्याचे, मासेमारी सहकारी संस्थांची आणि पिण्याचे पाणी नगरपालिकांचे अशी विभागणी असली, तरी पाणी एकच असते. त्यामुळे मत्स्यबीजाची तपासणी, जाळी वाळविण्याची शिस्त आणि अनोळखी शिंपला दिसताच तो कोणाला कळवावा याची निश्चित व्यवस्था या सर्वांनी मिळून आधीच ठरविणे हिताचे असते. शिंपल्यांची वस्ती झाल्यावर होणारा खर्च पुढे कायमचा होऊन बसतो.