पिस्टन गोल नसतो

इंजिन बांधायला काढलं की चर्चा होते ती सुट्या भागांच्या किमतीची आणि ब्रँडची. पण नवा पिस्टन जाम होणार, खडखडणार की वर्षानुवर्षं चालणार, हे ठरतं शतांश मिलिमीटरच्या हिशेबावर.

गैरसमज : पिस्टन गोल असतो, कुठूनही मोजा.

वस्तुस्थिती : थंड पिस्टन मुद्दाम किंचित लंबगोल घडवतात. गजनपिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) दिशेला धातू जास्त, त्यामुळे तापल्यावर तो तिकडे अधिक फुगतो. म्हणून तिथला व्यास आधीच कमी ठेवलेला असतो. माथाही स्कर्टपेक्षा (पिस्टनच्या खालच्या भागापेक्षा) लहान असतो, कारण आच तिथे जास्त लागते. मायक्रोमीटर लावायचा तो पिनच्या काटकोनात, स्कर्टवर, पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर. हे व्हर्नियरचं काम नाही. साधा व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंतच वाचतो आणि अनेक पेट्रोल इंजिनांत पिस्टन-सिलिंडरमधली फटच ०.०३ ते ०.०६ मिमी असते.

गैरसमज : खोक्यावर ०.५० लिहिलंय, मग बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) तेवढाच वाढवा.

वस्तुस्थिती : ०.५० हा ओव्हरसाइजचा गट झाला, हातातल्या पिस्टनचं माप नव्हे. आधी पिस्टन मोजायचे, त्यात पुस्तिकेतली फट मिळवायची, मग बोअरचा अंतिम आकडा ठरवायचा. होनिंगही (बोअर आतून घासून अंतिम मापाला आणणं) त्याच आकड्यात आलं. काम होऊन आल्यावर बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, एकमेकींच्या काटकोनातल्या दोन्ही दिशांना अशी सहा मापं घ्यायची. कुठला पिस्टन कुठल्या सिलिंडरचा, याची खूणही तेव्हाच करायची.

गैरसमज : ऊन असो की सावली, माप तेच.

वस्तुस्थिती : यंत्रभागांची मापं २० अंश सेल्सिअसला धरतात. ८० मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन १० अंशांनी तापला, तर सुमारे ०.०१६ मिमी वाढतो. बिडाचा बोअर जेमतेम त्याच्या निम्मा. मे महिन्यात उन्हातून आणलेला पिस्टन सावलीतल्या ब्लॉकशी लगेच ताडू नये. दोन्ही रात्रभर एकाच खोलीत राहू द्यावेत, मायक्रोमीटरसुद्धा.

गैरसमज : कनेक्टिंग रॉडची एकूण वजनं सारखी, म्हणजे जुळणी झाली.

वस्तुस्थिती : रॉडचं मोठं टोक क्रँकबरोबर फिरतं, लहान टोक पिस्टनबरोबर वरखाली धावतं. म्हणून एक टोक आधारावर, दुसरं काट्यावर ठेवून दोन्हींचं वजन वेगवेगळं घेतात आणि बाकीचे रॉड सर्वांत हलक्याशी जुळवतात. स्ट्रोक ८० मिमी आणि वेग मिनिटाला ३००० फेरे असेल, तर मोठ्या टोकावरचा १० ग्रॅमचा फरक सुमारे ४ किलो वजनाइतका ओढतो. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट.

गैरसमज : रॉडच्या कॅप एकसारख्या दिसतात, कुठलीही कुठेही चालते.

वस्तुस्थिती : पारंपरिक रॉडला कॅप बोल्टने कसूनच भोक पूर्ण करतात. जोडी बदलली की ते गोल राहत नाही आणि बेअरिंग जातं. अनेक नव्या इंजिनांत तर अखंड रॉड मुद्दाम तोडून कॅप वेगळी करतात. ती तुटलेली कड दुसऱ्या रॉडवर बसतच नाही. म्हणून खोलण्याआधी रॉड आणि कॅप दोन्हींवर सिलिंडरचा क्रमांक हवा.

इंजिन बांधून घेणाऱ्याने मिस्त्रीकडे बिलासोबत मापांचा कागदही मागावा. सिलिंडरनिहाय पिस्टन, बोअर, फट आणि रॉडच्या दोन्ही टोकांची वजनं त्यावर नसतील, तर जुळणी अंदाजानेच झाली असं समजावं.