पेंढा भरलेला वॉलरस

सौ.ला दोन वर्षांसाठी लंडनला नोकरी मिळाली, आणि मी कॉलेजातून बिनपगारी रजा टाकून तिच्यामागे गेलो. आमच्या श्रीरामपूरकडे बायको नवऱ्यामागे जाते. उलट घडले की लोक ‘मग तुम्ही तिकडे काय करता?’ असे फार आपुलकीने विचारतात. मी स्वयंपाक करीत असे आणि मुलीला हिंडवीत असे. २०२२ मधल्या एका पावसाळी शनिवारी असेच हिंडत आम्ही बापलेक दक्षिण लंडनमधल्या हॉर्निमन म्युझियममध्ये शिरलो.

फ्रेडरिक हॉर्निमन हा चहाचा व्यापारी. देशोदेशींचे प्राणी, मुखवटे, वाद्ये असे कायकाय त्याने जमविले आणि १९०१ मध्ये इमारतीसकट लोकांना देऊन टाकले. चहात थोडाफार आपलाही वाटा असणारच. तेव्हा संकोचाचे कारण नव्हते!

प्राण्यांच्या दालनात मधोमध एक भला मोठा वॉलरस बसला होता. कॅनडाच्या हडसन उपसागराकडचा हा सुळेवाला जलचर. जिवंतपणी त्याच्या कातडीला वळ्याच वळ्या असतात. पण एकोणिसाव्या शतकात ज्याने त्यात पेंढा भरला, त्याने जिवंत वॉलरस कधी पाहिलाच नव्हता. बिचारा भरत गेला, भरत गेला. एकही वळी राहिली नाही, कातडी लोडासारखी तट्ट फुगली. मुलगी पोट धरून हसली. मीही हसलो.

मग वाद्यांचे दालन. ढोलांच्या काचेपाशी तिने विचारले, “बाबा, आपल्याकडे असं काय असतं?”

“संबळ! गोंधळी वाजवतात.” लोकसाहित्याचा पेपर मी सतरा वर्षे शिकवीत आलो आहे. गोंधळाचे पूर्वरंग-उत्तररंग तोंडपाठ.

“हातानं वाजवतात?”

“काठ्यांनी,” मी अंदाजाने म्हणालो.

“दोन्ही सारख्याच?”

मी पलीकडच्या बासरीकडे तिचे लक्ष वेधले. पण त्या पेंढा भरणाऱ्याला आता मला हसवेना.

रात्री दादाला फोन केला. तो म्हणाला, “एक सरळ, एक टोकाला वाकडी. माझ्या लग्नानंतर अंगणात रात्रभर गोंधळ झाला की! तू कुठं होतास रे?”

मी आत एम.ए.चा अभ्यास करीत होतो.

परत आल्यावर पहिल्या सुट्टीत तिघे दायमाबादला गेलो. प्रवरेकाठचे हे गाव आमच्याच तालुक्यात, तासाभराच्या वाटेवर. तरी जन्मात मी तिकडे फिरकलो नव्हतो. १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना तिथल्या एका भिल्ल गावकऱ्याला चार ओतीव मूर्ती सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैल जुंपलेला रथ. मिळून साठ किलोंहून अधिक वजन. पुष्कळ अभ्यासक त्या हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या मानतात, वादही आहेत. मूर्ती केव्हाच मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांत गेल्या. पाहायला उरले आहे ते पांढरीचे टेकाड.

“त्या माणसानं खरा गेंडा पाहिला होता?” मुलीने विचारले.

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो. वर्गात हे वाक्य मी क्वचितच उच्चारले असेल.

येताना दादाने एका ओळखीच्या गोंधळ्याच्या दारात गाडी थांबविली. म्हाताऱ्याने खुंटीवरचा संबळ काढला, वाकडी काठी पोरीच्या हाती दिली, सरळ माझ्या. तिचा ठोका दोन-तीनदा चुकून मग बरोबर पडू लागला. माझा म्हाताऱ्याने मनगट धरून पाडून घेतला.