भरतीची वेळ आणि तासाची घंटा

अलिबागच्या उत्तरेला, खांदेरी बेटासमोर वसलेल्या थळमध्ये कोळीवाड्याच्या होड्या आणि राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा युरियाचा कारखाना हे दोन्ही एकाच गावच्या हद्दीत नांदतात; तरीही महाविद्यालयीन वर्गातील समन्यायाचा प्रश्न उलगडण्यासाठी येथील भरती-ओहोटीच अधिक उपयोगी पडते. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तिच्यासोबत लहान होड्यांची ये-जा, मासळीची विक्री आणि घरच्या कामाला हातभार लावणाऱ्या मुलामुलींची सवडही सरकते, तासाची घंटा मात्र वर्षभर ठरल्या वेळीच वाजते.

समता म्हणजे सर्वांना एकच नियम, तर समन्याय म्हणजे ज्याची अडचण जशी असेल तशी त्याची सोय, असा या दोन संज्ञांमधला फरक ढोबळमानाने सांगता येईल. ७५ टक्के हजेरीची अट कागदावर सर्वांना सारखीच लागू होते, परंतु पहाटे बंदरावर मासळीच्या टोपल्या उचलून आलेल्या विद्यार्थिनीला ती अधिक महाग पडते. ही जाणीव महाराष्ट्राला नवी नाही; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी ठेवले होते. वेळापत्रक हाही अध्यापनाचाच भाग आहे, हे त्या निर्णयामागचे भान पुढे पुष्कळ ठिकाणी हरवले.

वेळेपेक्षा नाजूक प्रश्न भाषेचा आहे. आगरी-कोळी बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘गाडी’चे ‘गारी’ होते, ते बोलीच्या स्वतःच्या ध्वनिनियमांनुसार. त्याला अशुद्ध म्हणून हसले की विद्यार्थी उत्तर ठाऊक असूनही तोंड उघडत नाही, आणि त्याचे मौन हे अज्ञान समजले जाते. सर्वसमावेशक अध्यापनात, म्हणजे वर्गातील प्रत्येकाला सहभागी होता येईल अशा शिकवण्यात, संकल्पना आधी परिचित शब्दांत मांडून मग तिची इंग्रजी संज्ञा दिली जाते. मीठ लावलेल्या मासळीतून पाणी कसे सुटते, हे ज्या मुलीने घरी रोज पाहिले आहे, तिच्यासाठी परासरणाचा, म्हणजे पातळ द्रावणातील पाणी अर्धपार्य पडद्यातून दाट द्रावणाकडे जाण्याचा, निम्मा धडा आधीच झालेला असतो.

तिसरा प्रश्न दिव्यांगत्वाचा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. परंतु प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलत राहिले, तर ओठांची हालचाल वाचणाऱ्या कर्णबधिर विद्यार्थ्याला ती राखीव जागा केवळ बसण्यापुरतीच मिळते.

पुन्हा भरतीकडे वळायचे तर, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे वर्षारंभी नियमित येणारी कोळीवाड्यातील मुले ऑगस्टपासून वर्गात विरळ दिसू लागली, तर पटावर लाल शेरा मारण्यापूर्वी त्या दिवशीची तिथी कोणती होती, हे पंचांगात पाहून घेतलेले बरे, कारण भरतीची वेळ तिथीबरोबरच सरकते.