एकाच बोर्डावर दोन व्होल्टेज

वर्ध्याजवळच्या उपकेंद्रात ७६५ किलोव्होल्टची वीज ४०० किलोव्होल्टवर उतरवली जाते. तिथून टप्प्याटप्प्याने उतरत ती आपल्या वर्गात २३० व्होल्टला पोचते. तळहाताएवढ्या सर्किट बोर्डावरही व्होल्टेजच्या अशाच पायऱ्या असतात.

जिल्ह्यातील एका शाळेच्या मुलांनी पाण्याच्या टाकीची पातळी मोजणारे यंत्र केले होते. ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा संवेदक ५ व्होल्टचा, तर आकडे पाठवणारी नियंत्रक चिप ३.३ व्होल्टची. दोघांनाही योग्य पुरवठा दिलेला होता. तरीही चार दिवसांत चिपची एक पिन निकामी झाली. असे का व्हावे?

चूक पुरवठ्यात नव्हती, संदेशाच्या तारेत होती. संवेदक ‘हो’ म्हणतो तेव्हा त्या तारेवर ५ व्होल्ट येतात. बहुतेक चिपांच्या पिनमागे संरक्षक डायोड असतो. पिनवरचे व्होल्टेज चिपच्या पुरवठ्याहून अर्धा-पाऊण व्होल्ट वर गेले, की त्यातून विद्युतधारा आत शिरते. ती सतत सोसणे त्या डायोडचे काम नव्हे. चिपचा पुरवठा बंद आणि संवेदकाचा चालू असेल, तरीही हेच घडते.

मग सगळेच भाग ५ व्होल्टचे का नाहीत? चिपमधील स्विच उघड-मीट करायला लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ५ ऐवजी ३.३ व्होल्ट घेतले, तर ती सुमारे ४४ टक्क्यांवर येते. म्हणून नव्या चिपा कमी व्होल्टेजच्या असतात.

बोर्डावर एकदिश प्रवाह असल्याने व्होल्टेज उतरवायला नुसता ट्रान्सफॉर्मर चालत नाही, रेग्युलेटर लागतो. साधा रेग्युलेटर उरलेले व्होल्टेज उष्णतेत घालवतो. १२ वरून ३.३ व्होल्टवर येताना, ०.२ अँपिअर धारेला, १.७४ वॅट उष्णता होते आणि चिपला मिळतात फक्त ०.६६ वॅट. एवढा मोठा फरक असेल तर स्विचिंग रेग्युलेटर बरा.

मुलांच्या यंत्राला उपाय दोन रुपयांचा होता. संवेदकाची तार आणि पिन यांच्यामध्ये १ किलोओहमचा रोध, आणि पिनपासून ग्राउंडपर्यंत २ किलोओहमचा. पिनवर आता ५ × २/३, म्हणजे सुमारे ३.३ व्होल्ट येतात. उलट दिशेलाही पाहावे लागते. ५ व्होल्टच्या काही चिपांना ‘हो’ समजायला ३.५ व्होल्ट लागतात, त्यांना ३.३ चा संदेश खात्रीने कळत नाही. तिथे व्होल्टेज चढवणारी चिप घालावी.

दोन्ही भागांचे ग्राउंड मात्र एकमेकांना जोडलेलेच हवे. उंची एकाच जमिनीवरून मोजली, तरच दोन आकड्यांची तुलना करता येते.

वर्गात हा प्रयोग करताना संदेशाची तार पिनला जोडण्यापूर्वी तिचे व्होल्टेज मल्टिमीटरने मोजायला मुलांना सांगा. त्या एका मिनिटात चिप वाचते, आणि विभवांतर हा धडाही समजतो.