हार्वेची समुद्रावरील उमेदवारी
रुडयार्ड किपलिंग यांच्या 1897 साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅप्टन्स करेजस’ या कादंबरीचा नायक हार्वे हा अमेरिकेतील एका धनाढ्य रेल्वेमालकाचा लाडावलेला, उद्धट असा 15 वर्षांचा मुलगा. तो आगबोटीवरून अटलांटिक महासागरात पडतो आणि ग्लॉस्टर बंदराच्या ज्या मासेमारी गलबतावर त्याचे प्राण वाचतात, तेथे त्याच्या पित्याच्या दौलतीवर कोणाचाच विश्वास बसत नसल्यामुळे, दरमहा साडेदहा डॉलरांच्या मुशाहिऱ्यावर राबू लागतो. कॉड मासे गळाला लावणे, साफ करणे, रात्री पहारा देणे यांतच त्याचा अहंकार झिजत जातो. लेखकाचे खरे सामर्थ्य मला येथे दिसते, की नाखुदा डिस्को ट्रूप उपदेशात वेळ न दवडता उर्मटपणाबद्दल त्यास एक ठोसा लगावून कामाला जुंपतो, आणि मुलाची हकिगत अखेर खरी ठरताच आपला अदमास चुकल्याचे निःसंकोच कबूल करतो.