लांकूड वांकतें तेव्हां
(नभोवाणीवरील भाषण)

शाळेंतून निवृत्त झाल्यावर वेळ जातां जात नाहीं, असें पुष्कळांचें म्हणणें आहे. माझी तशी तक्रार नाहीं. माझ्या दहा वर्षांच्या नातवानें एके दिवशीं एक चित्र माझ्यापुढें धरलें आणि म्हटलें, "आजोबा, अशी होडी करूं या." हातभर लांबीची, खऱ्याखुऱ्या बरगड्यांची होडी! मीं लागलीच होकार दिला.

होडीचा तळचा कणा सरळ असतो. तो करवतीनें कापला कीं झाला. खरी अडचण बरगड्यांची. वांकडा आकार फळींतून कापून काढला, तर वळणाच्या जागीं लांकडाचे तंतू आडवे तुटतात व बरगडी बिस्किटासारखी मोडते. म्हणून सरळ पट्टीच वांकवावी लागते. मीं एका जुन्या खोक्याच्या फळीच्या पट्ट्या कापल्या, रात्रभर थंड पाण्यांत भिजविल्या व सकाळीं वांकवावयास घेतल्या. अकरांपैकीं नऊ मोडल्या. नातू म्हणाला, "जाऊं द्या आजोबा, आपल्याला हें जमणार नाहीं." हें वाक्य मीं वर्गांत असंख्य वेळां ऐकलें होतें, आणि बहुधा दोष मुलाचा नसून शिकविण्याच्या रीतीचा निघाला होता. तेव्हां येथेंहि आमची रीतच चुकली असली पाहिजे, असें मीं ठरविलें.

लांकूड म्हणजे सूक्ष्म नळ्यांचा जुडगा. या नळ्यांना एकत्र धरणारा जो चिकट पदार्थ, त्यास लिग्निन म्हणतात. थंड पाण्यानें तो मऊ पडत नाहीं. कोरड्या उष्णतेनेंहि सहज पडत नाहीं. ओलावा व उष्णता हीं दोन्ही मिळालीं, म्हणजे सुमारें 100 अंश सेंटिग्रेडला तो सैल होतो आणि तंतू एकमेकांवरून सरकूं लागतात. वाफ नेमकीं हीं दोन्ही देते. लांकूड निवलें कीं तो पुन्हां घट्ट होतो व नवें वळण कायम राहतें.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पट्टी वांकवितांना तिची बाहेरची बाजू ताणली जाते व आंतली दाबली जाते. वाफाळलेलें चांगलें लांकूड आपल्या लांबीच्या चौथ्या हिश्शापर्यंत दाब सोसतें; पण ताण मात्र शेंकडा एक-दोनच. म्हणून तडा जातो तो बहुधा बाहेरून. यास्तव पट्टीच्या बाहेरच्या अंगास धातूची पातळ पट्टी लावून दोन्ही टोंकांशीं तिला घट्ट अडवितात. मग लांकडाला ताणण्यास वावच राहत नाहीं, त्याला आंतून दबावेंच लागतें. एकोणिसाव्या शतकांत मिखाएल थोनेट या कारागिरानें वाफेनें वांकविलेल्या बीच लांकडाच्या खुर्च्या जगभर पोंचविल्या. त्याची 1859 सालची 14 क्रमांकाची खुर्ची प्रसिद्ध आहे. त्याच्या कारखान्यांतहि अशाच धातूच्या पट्ट्या वापरीत.

आतां कृति. आमच्या परसांतल्या तुतीची एक सरळ, बिनगांठीची फांदी घेतली. हॉकीच्या काठ्या पूर्वीं याच लांकडाच्या करीत. ती करवतीनें न कापतां कोयत्यानें उभी चिरली. चीर रेषेच्या मागोमाग जाते, करवत रेषेची पर्वा करीत नाहीं. मग रंध्यानें पाव इंच रुंद व अष्टमांश इंच जाड पट्ट्या केल्या.

पत्र्याची एक नळी किटलीच्या तोटीस जोडली, आणि आंतलें पाणी निथळावें म्हणून किंचित् तिरपी ठेविली. प्लास्टिकची नळी घेऊं नये. वाफेनें तीच आधीं वांकते. नळीच्या मोकळ्या टोंकांत फडक्याचा सैल बोळा ठेवावा. तें टोंक कधींहि घट्ट बंद करूं नये! कोंडलेली वाफ नळी फोडूं शकते. हातांत जाड मोजे हवेत, आणि नळीजवळचें काम वडील माणसानेंच करावें.

एक इंच जाडीस एक तास, असा ठोकळ हिशेब आहे. त्यावरून आमच्या पट्टीस सात-आठ मिनिटें होतात. आम्ही दहा दिलीं. पट्टी बाहेर काढल्यावर विचार करण्यास वेळ नसतो. इतकी बारीक पट्टी कांहीं सेकंदांत निवते. साचा, पितळेची पट्टी व शिकंजे आधींच मांडून ठेवावे आणि एकाच संथ दाबानें पट्टी साच्यावर बसवावी. झटका देऊं नये. मध्यें थांबूंहि नये. एक दिवस ती तशीच राहूं द्यावी. सुटल्यावर ती थोडी उलगडते, म्हणून साच्याचें वळण मुळांतच किंचित् अधिक ठेवावें.

या खेपेस बारा बरगड्यांपैकीं एकच मोडली. मीं ती टाकून देत होतों, तों नातवानें ती उचलली, उजेडांत धरली व म्हणाला, "आजोबा, येथें बघा, रेषा तिरपी गेली आहे." मग त्यानें स्वतःच दुसरी पट्टी निवडावयास घेतली. 'जमणार नाहीं' हें वाक्य त्यानंतर आमच्या पडवींत ऐकूं आलेलें नाहीं.